अंगणातलं पेव: घर तापवण्याच्या कामाची नोंदवही

८ मार्च २०२५, शनिवार

तेलाचा ट्रक सकाळी येऊन गेला. १८० गॅलन. जाता जाता त्या माणसानं बेसमेंटमधल्या फर्नेसकडे, म्हणजे तेलावर घर तापवणाऱ्या भट्टीकडे, एक नजर टाकली, ‘अजून एखादा हिवाळा काढेल’ म्हणाला आणि बिल हातात ठेवलं. फर्नेस १९९६ चं आहे, घर १९७४ चं. बॉस्टनच्या पश्चिमेला अर्ध्या-पाऊण तासावर राहतो आम्ही. गेल्या वर्षात ८१० गॅलन तेल जाळलं. आज वही काढली ती एवढ्यासाठीच, की फर्नेस ऐन जानेवारीत बसलं तर घाईत जे मिळेल ते घ्यावं लागेल. त्याआधी ठरवायचं.

तीन पर्याय समोर आहेत. पुन्हा तेलाचंच फर्नेस. बाहेरच्या हवेतून उष्णता ओढणारा हीट पंप, त्याचं कोटेशन २४ हजार डॉलर. आणि जमिनीतून ओढणारा, त्याचं ५१ हजार. आकडा ऐकून सौ. एवढंच म्हणाली, ‘जमिनीत काय पुरलंय एवढं?’

२२ मार्च

रविवारऐवजी आज शनिवारीच सांगलीला फोन. बाबांना सांगितलं की घर जमिनीच्या उष्णतेवर तापवायचा विचार आहे. ते लगेच म्हणाले, ‘म्हणजे वज्रेश्वरीसारखं? गरम पाणी लागणार अंगणात?’

हा गैरसमज इथल्याही निम्म्या लोकांचा आहे. ‘जिओथर्मल’ म्हटलं की वाफ, लाव्हा, गरम कुंड डोळ्यांपुढे येतात. आमच्या अंगणाखाली तसलं काही नाही. तीसेक फुटांच्या खाली गेलं की जमिनीचं तापमान वर्षभर जवळजवळ हलत नाही. त्या गावाच्या हवेची वर्षाची सरासरी असते, साधारण तेवढंच राहतं. आमच्याकडे ते १० ते ११ सेल्सियस आहे. वर जुलैत ३३ असो की जानेवारीत उणे १५, खाली १०. ही ऊब मुख्यतः उन्हाचीच, वर्षानुवर्षं मुरलेली. पृथ्वीच्या पोटातली उष्णता एक किलोमीटर खाली गेल्यावर २५-३० अंशांनी जाणवते, आम्ही तर दीडशे मीटरच जाणार.

‘दहा अंशात घर कसं तापणार?’ बाबांचा दुसरा प्रश्न, आणि तोच खरा प्रश्न. फ्रिजचं उदाहरण दिलं. फ्रिजमधली भाजी थंडच असते, तरी तिच्यातली उष्णता काढून फ्रिज आपल्या पाठीमागे सोडतो, म्हणून मागची जाळी हाताला गरम लागते. हीट पंप तेच करतो. फक्त भाजीच्या जागी अंगण आणि जाळीच्या जागी घर. उन्हाळ्यात एक झडप फिरते आणि सगळा प्रवास उलटा: घर थंड, अंगण गरम.

यावर बाबा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘म्हणजे पेव की रे.’

मी इतके दिवस याला बॅटरी, बँक, काय काय म्हणत होतो. पेव हाच शब्द बरोबर आहे. सांगलीजवळ हरिपूरला जमिनीत हळदीची पेवं होती, हजारोंनी. तोंड लहान, पोट मोठं, वर मातीनं बंद. आत ऊन-पावसाचा फरक पोचत नाही म्हणून हळद वर्षानुवर्षं टिकायची. बाबांनी लहानपणी पेव उघडताना पाहिलंय. झाकण काढलं की लगेच उतरायचं नाही, आत श्वासाला हवा नसते. काही तास उघडं ठेवून मगच माणूस सोडायचा. २००५ च्या महापुरात कृष्णेचं पाणी शिरून त्यातली कितीतरी निकामी झाली.

१२ एप्रिल

आधी घर, मग यंत्र, असं तीनही कंत्राटदारांपैकी एकानंच सांगितलं. काम त्यालाच द्यायचं ठरलं.

आज ‘ब्लोअर डोअर’ चाचणी. पुढच्या दारात पंखा बसवून घरातली हवा बाहेर ओढतात आणि मग घर कुठून कुठून श्वास घेतंय ते शोधतात. माळ्याच्या झाकणापाशी हात धरला तर पंख्याखाली धरल्यासारखं वारं. फायरप्लेसमधून वारं. स्वयंपाकघरातल्या सिंकखालच्या पाइपच्या भोकातून वारं, म्हणजे सहा वर्षं तिथे उभं राहून बायको ‘पाय गारठतात’ म्हणते ते खरं होतं. याबद्दल रीतसर माफी मागितली.

३ मे

फटी बुजवल्या, माळ्यावर ऊब धरून ठेवायला सेल्युलोजचा जाड थर फुंकून घेतला. दीड दिवसाचं काम.

२४ मे

बाबा परवा आले, सहा महिन्यांसाठी. सूटकेसमध्ये हळद, अर्थातच.

आज उष्णतेचा हिशोब आला. प्रत्येक खोली, प्रत्येक खिडकी मोजून काढलेला. बाहेर उणे १३ असताना घर २० वर ठेवायला तासाला ३६ हजार बीटीयू (उष्णता मोजायचं इथलं माप). फटी बुजवण्याआधी हाच आकडा ४३ हजार होता. म्हणजे साडेतीन टनाच्या वरचं यंत्र तीन टनावर आलं आणि बोअरची खोलीही शंभरेक फुटांनी घटली. माळ्यावरच्या दीड दिवसानं ते शंभर फूट वाचवले.

‘टन म्हणजे वजन?’ बाबा. वजनच, पण बर्फाचं. एक अमेरिकन टन बर्फ चोवीस तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तिला तासावर वाटलं की १२ हजार बीटीयू. यंत्रं आली तेव्हा लोकांना थंडावा बर्फानंच मोजायची सवय होती. आणि तो बर्फ पुष्कळसा इथलाच! बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरनं इथल्या तळ्यांतला बर्फ कापून भुशात गुंडाळून जहाजानं पाठवला. १८३३ मध्ये तो कलकत्त्याला पोचला, पाठोपाठ मुंबईला. बाबांना हे इतकं आवडलं की संध्याकाळी फिरायला गेल्यावर तळ्याकडे बोट दाखवून ‘हेच का ते?’ विचारत होते. हे नव्हे, पण याचीच भावंडं.

५ जुलै

काल आतषबाजी आणि कालच नव्या कायद्यावर सही. घरगुती जिओथर्मलवर केंद्राची ३० टक्के करसवलत होती, २०३२ पर्यंत चालेल असं सगळे धरून चालले होते. आता ती ३१ डिसेंबर २०२५ ला संपते. त्या तारखेच्या आत काम पूर्ण व्हायला हवं, नुसते पैसे भरून भागणार नाही. आमच्या हिशोबात ही पंधरा हजार डॉलरची गोष्ट आहे.

कंत्राटदाराला फोन केला तर तो हसला. सकाळपासूनचा तो चौदावा फोन. बोअरवाला एकच आणि गिऱ्हाइकं सगळी एकदम जागी झालेली. सप्टेंबरचा मधला आठवडा मिळाला.

१९ जुलै

फ्रेमिंगहॅमला चक्कर. तिथे एव्हरसोर्स या वीज-गॅस कंपनीनं जून २०२४ मध्ये एका अख्ख्या वस्तीसाठी मिळून जमिनीखालचं जाळं सुरू केलं. घरं, अपार्टमेंट, अग्निशमन केंद्र, सगळी एकाच पाण्याच्या फेऱ्यावर. देशात कंपनीनं चालवलेलं हे पहिलंच. बघायला मात्र काहीच नाही! नेहमीचा रस्ता, नेहमीचा पार्किंग लॉट. बाबांची निराशा झाली. मला उलट मोह पडला: एका इमारतीनं टाकलेली उष्णता शेजारची उचलते, म्हणजे गावकीचं पेव. पण आमच्या गल्लीत ते कधी येईल याची वाट बघत बसलो तर फर्नेस तोवर तग धरणार नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

बोअर.

साडेसातला रिग आला. ट्रकवर बसवलेला मनोरा, मागे दुसऱ्या ट्रकवर कॉम्प्रेसर. गावाकडच्या बोअरच्या गाडीचाच मोठा भाऊ. बाबांनी पहिला प्रश्न केला, ‘पाणाड्या कुठाय?’ जागा कोणी दाखवली? जागा मीच दाखवली, गॅसची लाइन, सेप्टिक टाकी आणि शेजारची हद्द टाळून जेवढी उरली तेवढीच. नारळ मात्र त्यांनी आणून ठेवला होता. बोअरवाला हेल्मेटशिवाय कुणाला जवळ येऊ देईना, तेव्हा ड्राइव्हवेच्या कडेला फुटला. त्यानं खोबरं खाल्लं, चांगलं लागलं म्हणाला.

वरचे ३८ फूट हिमनदीनं आणून टाकलेली भेसळ: वाळू, चिकणमाती, मधेच बैलाएवढा धोंडा. तेवढ्या भागात लोखंडी केसिंग. मग खडक. आपल्याकडचा काळा पत्थर नव्हे, करडा ग्रॅनाइट. हवेच्या दाबावरचा हातोडा खाली ठोकत जातो आणि वर राखेसारखं पीठ उडतं. दर २० फुटांना नवी नळी. बाबा खुर्ची टाकून नळ्या मोजत बसले. दुपारपर्यंत १५.

मग ३१० फुटांवर खडकातली भेग लागली आणि पाणी आलं. थोडंथोडकं नव्हे, मिनिटाला ४० गॅलन, असं बोअरवाल्यानं अंदाजानं सांगितलं. करडा कारंजा मनोऱ्याच्या निम्म्यापर्यंत.

‘पाणी लागलं!’ बाबा खुर्चीवरून उठले. आमच्या आत्याचं शेत जतकडे आहे. तिथे तीन बोअर कोरडे गेले, चौथ्याला कर्ज मिळालं नाही. तो माणूस टाळ्या वाजवत होता आणि इकडे बोअरवाला कपाळाला हात लावून शिव्या देत होता, कारण आम्हाला पाणी नकोच होतं. आम्हाला कोरडं भोक हवं होतं. गाळ साठवायला त्यानं एकच लोखंडी पेटी आणलेली, ती दहा मिनिटांत भरली. राडा उतारावरून थेट समोरच्या आजींच्या ड्राइव्हवेत. रात्री नऊपर्यंत मी पाइप धरून तो धूत होतो.

आजी दारात येऊन एवढंच म्हणाल्या, की त्यांना वाटलं मी स्विमिंग पूल करतोय.

१६ सप्टेंबर

दुसरी पेटी आली. दुपारी दोनला ५०० फूट. पंचविसावी नळी. बाबांनी पेढा वाटला.

१७ सप्टेंबर

आज लूप उतरवला. सव्वा इंची काळा एचडीपीई (टणक प्लास्टिकचा) पाइप, खाली केसाच्या पिनेसारखा वळलेला, म्हणजे एकाच भोकात जाणारी आणि येणारी अशा दोन नळ्या. त्यात आधीच पाणी भरून सोडतात. रिकामा सोडला तर भोकातलं पाणी त्याला वर ढकलतं, पाइप तरंगतो. हे कळल्यावर इतकं सरळ वाटलं, पण मला सुचलं नसतं.

मग मोकळ्या जागेत ग्राउट: बेंटोनाइट माती आणि बारीक वाळूची लापशी, तळापासून वर भरत आणायची. वरून ओतली तर मधे पोकळ्या राहतात आणि पोकळीतून उष्णता नीट जात नाही. शिवाय वरचं घाण पाणी खालच्या झऱ्यात उतरू नये म्हणूनही हे बूच लागतं. भेगेपाशी वाहतं पाणी लापशी धुऊन नेत होतं. ठरल्यापेक्षा दीडपट पोती लागली, त्याचे पैसे वेगळे.

बोअरवाल्यानं जाताना समजूत काढली: वाहतं पाणी ग्राउटला वाईट, पण लूपला चांगलं. ते बाजूनं सतत नवी ऊब आणत राहतं. बाबांना हे भाषांतर करून सांगितलं. ‘मग शिव्या कशाला दिल्या?’

४ ऑक्टोबर

बोअरपासून घरापर्यंत चर. चार फूट खोल, कारण इथे गोठण तिथवर उतरते. पाइप वितळवून जोडले, गोंद नाही, पेच नाही. १०० पीएसआय दाब भरून रात्रभर ठेवला. सकाळी काटा तिथेच. चर बुजवला. अंगणात आता एक पिवळट पट्टा आहे आणि बाकी काही नाही.

२२ ऑक्टोबर

फर्नेस गेलं. दोन माणसांनी करवतीनं कापून नेलं. टाकीही. बेसमेंटचा तो वास, सहा वर्षं नाकात बसलेला, दोन दिवसांत गेला.

आणि मग डक्टनी, म्हणजे खोल्याखोल्यांत हवा नेणाऱ्या-आणणाऱ्या मार्गांनी, घोळ केला. हे कुणी आधी नीट सांगत नाही, म्हणून सविस्तर लिहितो. तेलाचं फर्नेस ५५-६० अंशांची हवा फेकतं. थोडी हवा, पण कडक. हीट पंपाची हवा ३५-३८ अंशांची. तेवढीच ऊब पोचवायची तर हवा जास्त लागते, टनाला मिनिटाला ४०० घनफूट, आम्हाला १२००. १९७४ च्या परतीच्या डक्टमधून एवढी हवा जाईना. पहिल्या चाचणीत पंखा शिट्टी मारायला लागला, वरच्या मजल्यावर झुळूक आणि खालच्यावर वादळ. बेसमेंटमधला परतीचा डक्ट दुप्पट रुंद करून घ्यावा लागला, जिन्याखाली एक नवी जाळी काढली. तीन दिवस घरात गरम हवा नाही आणि नेमका दिवाळीचा आठवडा. बाबांनी अभ्यंगस्नानानंतर स्वेटरवर स्वेटर घातला आणि ‘पेव अजून उघडलं नाही वाटतं’ असा टोमणा मारला.

२५ ऑक्टोबर

लूप धुवायचं काम. पाइपमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर पाणी अडखळतं. मोठ्या पंपानं चार तास फिरवलं, शेवटी पाण्यात प्रॉपिलीन ग्लायकॉल मिसळलं, म्हणजे फार थंड दिवशी यंत्राच्या आत बर्फ धरणार नाही.

संध्याकाळी ५.४० ला सुरू. आवाज जुन्या फ्रिजपेक्षा थोडा मोठा. बाबांनी जाळीवर हात धरला. ‘कोमट आहे.’ हो, कोमटच असणार. पण तासाभरानं घर २० वर होतं आणि तिथेच राहिलं. फर्नेसच्या काळात भसकन गरम, मग हळूहळू गार असं चालायचं. तो झोका गेला.

४ नोव्हेंबर

बाबांना विमानतळावर सोडलं. थंडी पाहायचीच राहिली त्यांची.

९ नोव्हेंबर

मोजमाप. यंत्र मुद्दाम पूर्ण ताकदीवर चालवलं. जमिनीतून येणारं पाणी १०.२ अंश, परत जाणारं ६.९. मिनिटाला ९ गॅलन. गुणाकार केला की जमिनीतून साडेसात किलोवॉट. कॉम्प्रेसरचा मीटर अडीच. घरात दहा. एक भाग विकत, तीन भाग अंगणातून.

आता पैसे. आमच्या भावानं तेलातून घरात आलेली एक युनिट उष्णता ११ सेंटला पडत होती. विजेचं युनिट ३१ सेंट, पंप-पंखे धरून एकास पावणेचार मिळतं असं मानलं तर उष्णतेचं युनिट सव्वाआठ सेंटच्या आतबाहेर. वर्षाला वाचले तर सहाशे डॉलर. या महिन्यापासून हीट पंपवाल्यांना हिवाळ्यापुरता विजेचा दर कमी झालाय, त्यानं आणखी थोडे. म्हणजे नुसता पैशाचा हिशोब करणाऱ्यानं हवेवरचा हीट पंप घ्यावा, माझ्या बहिणीकडे आहे आणि छान चालतो. हवेची अडचण एवढीच की आपल्याला ऊब सर्वांत जास्त लागते त्या रात्री तिच्याकडे सर्वांत कमी असते. अंगणाला ते कळतच नाही. मी याच एका गोष्टीसाठी जास्तीचे पैसे मोजले, आणि बाहेर घरघरणारा डबा नको होता म्हणून.

८ डिसेंबर

पहिली खरी थंडी आणि माझाच मूर्खपणा. जुन्या सवयीनं रात्री थर्मोस्टॅट ४ अंशांनी उतरवला होता. पहाटे सहाला त्याला एकदम चार अंश चढायचं म्हटल्यावर यंत्रानं मदतीला वीज-हीटर ओढले, १० किलोवॉटचे. ते म्हणजे इस्त्रीच. एक युनिट विजेला एकच युनिट उष्णता. आठवडाभर रोज पहाटे हे चाललं होतं आणि मला पत्ता नाही. आता दिवसरात्र २० वर ठेवलंय. हळू चालणाऱ्याला हळूच चालू द्यायचं. हीटरची पाळी येण्यासाठी तापमान किती घसरलं पाहिजे, तीही सेटिंग कडक केली.

२० डिसेंबर

गावाच्या निरीक्षकाची सही. कंत्राटदाराचं अंतिम बिल, काम पूर्ण झाल्याच्या तारखेसह. फाइल बंद, ११ दिवस राखून.

२१ डिसेंबर, रविवार

बाबांनी आज मोलाचा प्रश्न विचारला. ‘आपल्याकडे का नाही करत हे? उन्हाळ्यात एसीवर एवढी वीज जाते.’

करतात थोडंफार. पण अडचण पेवाचीच आहे. सांगलीची जमीन आधीच २६-२७ अंशांची, त्यामुळे एसीच्या तुलनेत फायदा कमी. आणि त्याहून मोठं म्हणजे तिथे थंडीत घर तापवायचं नसतं. उन्हाळ्यात भरायचं आणि कधी काढायचंच नाही. वर्षानुवर्षं बोअरभोवतीची जमीन तापत जाते आणि शेवटी तिच्यात टाकायला जागा उरत नाही. आमचं उलटं: हिवाळ्यात भरपूर काढतो, जुलै-ऑगस्टमध्ये एसीपुरतं थोडं टाकतो. थोडी तूट राहते, म्हणून तर भोक ५०० फूट. आजूबाजूचा खडक हळूहळू भरून देतो, आणि आमच्याकडे ती शिवी खाल्लेली भेग आहे.

‘म्हणजे हळद काढणारे जास्त, ठेवणारे कमी,’ बाबा म्हणाले.

२८ डिसेंबर, रविवार

बाहेर उणे ११. हीटर लागले नाहीत. बेसमेंटमध्ये जाऊन जमिनीतून येणाऱ्या पाण्याचा काटा पाहिला, कारण आता दर रविवारी फोनवर तब्येतीच्या आधी तोच प्रश्न येतो.

‘पेवात किती शिल्लक?’

‘सात पूर्णांक एक.’

‘मागच्या रविवारी सात पूर्णांक सहा होतं,’ बाबा म्हणाले. त्यांनीही तिकडे वही ठेवलीय.